साधना केंद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

गेल्या काही वर्षांत वेरूळ-म्हैसमाळच्या बाजूला, बालाघाटाच्या उतारावर, मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात साधना केंद्रांच्या कमानी उभ्या राहू लागल्या आहेत. कुठे ध्यान, कुठे मौन, कुठे निसर्गोपचार. मला त्यात वावगं काही वाटत नाही. कर्ज, पाऊस, लेकीचं लग्न आणि दवाखाना यांच्या घोरात ज्या प्रदेशातली माणसं रात्र-रात्र जागी असतात, तिथे चार दिवस गप्प बसता येईल अशी जागा दवाखान्याइतकीच लागते. प्रश्न केंद्रं निघण्याचा नाही, टिकण्याचा आहे. मोठ्या उत्साहाने सुरू झालेली केंद्रं दहा-पंधरा वर्षांत कुलूपबंद होतात, नाहीतर हळूहळू लग्नाचं लॉन होतात, नाहीतर संस्थापकाच्या घरच्यांची मिळकत होऊन बसतात. कारण विचारलं की लोक सांगतात, पैसा आटला. किंवा, गुरुजी गेले आणि सगळं गेलं.

मला हे कारण पटत नाही. माझं म्हणणं असं, की ही केंद्रं पहिल्या दिवसापासून गावाची नव्हतीच. पाणी गावाचं, रांधणारे हात गावच्या बायकांचे, जमीन कालपर्यंत गावातल्याच कुणाची तरी. आत डोळे मिटून बसणारे मात्र बाहेरचे, आणि ठराव करणारेही बाहेरचे. असं केंद्र एका माणसाच्या हयातीपुरतं चालतं. त्या माणसामागे ते चालवायची गरज आजूबाजूच्या कुणालाच वाटत नाही.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असं कुणी समजू नये. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, त्या वर्षावासासाठी इथल्या कातळात विहार कोरले गेले. अजिंठ्याचं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबार, मांडलिक, श्रीमंत उपासक सगळे त्या घोड्याच्या नालासारख्या कड्यावर तुटून पडले होते. हरिषेणामागे वाकाटकांचं राज्य विस्कटलं आणि बरीच कामं जागच्या जागी थांबली. चोविसाव्या लेण्यात आजही छिन्नीचे घाव अर्धवट सोडलेले दिसतात. तिथून फार लांब नसलेल्या, कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला गेलं की वेगळीच नावं वाचायला मिळतात. एक खांब पैठणच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घराण्यातल्या मितदेवाने दिलेला. काही दान राजवैद्य मगिलाच्या मुलाबाळांचं. एका यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव. एकेक खांब एकेका घराने उचललेला. इसवी सनाच्या आधी कोरलेल्या या लेण्यांत पुढे पाचव्या-सहाव्या शतकातही चित्रं रंगवली गेली आहेत. दानशूर असावेतच, पण एका दरबारावर उभं राहिलेलं काम दरबाराबरोबर थांबतं, हे कळायला आपल्याला परदेशातली उदाहरणं शोधायला नकोत.

छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्की बघायला शाळेच्या सहली जातात, पण ती कशासाठी होती हे मुलांना क्वचितच सांगितलं जातं. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहाशी, म्हणजे सूफी मठाशी जोडलेली ती चक्की. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलं, त्या जोरावर जातं फिरलं, आणि फकिरांना, मुसाफिरांना, विद्यार्थ्यांना पुरेल एवढं पीठ तिथल्या तिथे दळलं गेलं. साधनेची जागा चालवणाऱ्यांनी आधी पाणी आणि मग भाकरी यांची सोय लावली होती. आज केंद्र काढणारा माणूस आधी सभागृहाचा नकाशा काढतो, घुमट किती उंच हवा यावर महिनाभर चर्चा करतो, आणि पाण्याचं काय म्हणून विचारलं तर म्हणतो, बोअर मारू.

म्हणून पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलते.

मराठवाड्याच्या पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास. ही सरासरी कागदावरची. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला प्यायला द्यावं लागलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात नद्यांनी पिकांबरोबर शेतातली मातीही खरवडून नेली. अशा ठिकाणी साठ माणसांचं एक शिबिर धरा. आंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक मिळून शहरी सवयीने माणशी १०० लिटर लागतात. दिवसाला ६,००० लिटर झाले. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी धरलेलं माप दिवसाला ५५ लिटरचं आहे. म्हणजे साठ पाहुणे शंभराहून जास्त माणसांच्या वस्तीचं पाणी वापरतात, आणि त्या वस्तीला ते ५५ लिटरही वैशाखात मिळेल याची खात्री नसते. केंद्राची बोअर सातशे-आठशे फूट खाली गेली की शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. मग गावात जे बोललं जातं, ते आतल्या मौनात बसलेल्यांच्या कानावर जात नाही एवढंच.

याला उपाय नाही असं नाही. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. सभागृह, निवास, भोजनगृह मिळून १,००० चौरस मीटर छत असेल, तर सरासरीच्या वर्षी वीस टक्के वाया गेलं तरी सुमारे ५ लाख ४० हजार लिटर हाती लागतं. त्याला ६,००० ने भागलं की नव्वद दिवस. साधकांनी बादलीने आंघोळ केली, कपडे घरी जाऊन धुतले आणि माणशी ६० लिटरवर भागवलं, तर दीडशे दिवस. एवढं पाणी साठवायला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं किंवा मोठी टाकी लागते. तिचा खर्च घुमटाच्या खर्चापुढे काहीच नाही. वर्षभराचं वेळापत्रक या भागाकारातून निघायला हवं. आषाढापासून माघापर्यंत शिबिरं, चैत्र ते ज्येष्ठ दार बंद, आणि टंचाईच्या वर्षी उरलेल्या साठ्यावर पहिला हक्क वस्तीचा.

इथे अडचण येते ती मला मान्य आहे. शहरातल्या नोकरदारांना सुट्ट्या मिळतात एप्रिल-मेमध्ये. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात, म्हणजे गावाला सवड मिळते तीही उन्हाळ्यातच. नेमकं तेव्हाच तळं तळाला गेलेलं असतं. पण उन्हाळ्यात गावच्या लोकांसाठी सकाळ-संध्याकाळ बसण्याचं, रात्री घरी जाऊन झोपण्याचं शिबिर घेता येतं. त्याला प्यायच्या पाण्यापलीकडे फार पाणी लागत नाही. पाहुण्यांसाठी टँकर मागवून मेमध्ये शिबिर घेणाऱ्या केंद्राने मात्र भिंतीवर करुणेची वचनं लावू नयेत.

आता स्वयंपाकघर. मी ज्या केंद्रात अधूनमधून सेवेला जाते, तिथे साधकांची घंटा पहाटे चारला होते. भट्टी त्याआधी अर्धा तास पेटलेली असते. वाडीवरच्या तिघी जणी मोबाईलच्या उजेडात बांध उतरून येतात. एक पीठ मळायला घेते, एक कांदा-मिरची चिरते, तिसरी चहाचं आधण ठेवते. सकाळचा उपमा, अकराचं वरण-भात-भाजी-भाकरी, मग ती भलीमोठी पातेली राखेने घासायची. घरी जाऊन पुन्हा स्वतःची चूल, शेळ्यांचा पाला, आणि नळाला पाणी आलं असेल तर हंड्यांची रांग. त्यांच्यातली थोरली, जिला सगळे अक्का म्हणतात, केंद्र सुरू झाल्यापासून तिथे रांधते आहे. एकदा भाकरी थापता थापता तिने विचारलं, "ताई, ती माणसं आत बसून नेमकं काय करतात हो?" तिला हॉलमध्ये कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

तिच्या पगाराचा विषय बैठकीत निघाला की सेवाभावाची आठवण होते. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. ज्याचं पोट दुसरीकडे भरतं त्याने चार दिवस येऊन भांडी घासली तर ती सेवा. जिची चूल याच कामावर पेटते तिचं ते काम आहे, आणि कामाला किमान वेतन, आठवड्याची सुट्टी, भाजलं-कापलं तर दवाखान्याचा खर्च, एवढं मिळालंच पाहिजे. सेवेच्या नावाखाली मजुरी कापणाऱ्या केंद्राला साधकांनी देणगी देऊ नये. शिवाय प्रत्येक शिबिरात चार जागा गावासाठी राखून ठेवाव्यात, आणि स्वयंपाकघरातली बाई बसणार असेल तेव्हा तिचा त्या दिवसांचा पगार चालू ठेवावा. तिच्या घरची भाकरी तेवढे दिवस कोण थापणार, हा प्रश्नही केंद्राने आपला मानावा. तो सोडवल्याशिवाय राखीव जागा कागदावरच राहतात.

हे सगळं चालवायचं कसं, याचं उत्तर शोधायला लोक पुण्या-मुंबईच्या व्यवस्थापनाच्या वर्गांना जातात. मला वाटतं, उत्तर आपल्या मारुतीच्या पारावर आहे. मराठवाड्यात अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव विरळा. काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तन, रात्रीचा जागर. सात दिवस गाव आपला रोजचा व्याप सांभाळून एका लयीत राहतं. स्वतःची इमारत नाही, पगारी अधिकारी नाही, आणि तरी कित्येक गावांत आजोबांनी सुरू केलेला सप्ताह नातू चालवतात. देवळाच्या खांबाला पहाऱ्याची यादी चिकटवलेली असते. दोन-दोन तासांचे पहारे, प्रत्येकापुढे नावं. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला ज्याचं नाव आहे तो घोंगडी पांघरून हजर होतो, कारण वीणा खाली टेकवायची नाही आणि आधीच्या विणेकऱ्याला झोप अनावर झालेली असते. वर्गणी कुणी किती दिली हे माईकवरून वाचून दाखवतात. आमटीच्या कढया देवळापुढे चढतात, भाकरी घराघरांतून येतात. काल्याच्या कीर्तनानंतर हिशेब बसतो, शिल्लक किती ते सगळ्यांना माहीत असतं.

सप्ताहात सगळं आलबेल असतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ गावांत वीणा बाईच्या गळ्यात पडत नाही. पंगतीत कोण कुठे बसतं यावरून जुनी जात डोकं वर काढते. कीर्तनकाराच्या मानधनाचे आकडे फुगत चालले आहेत, आणि निवडणुकीच्या वर्षी मंडपाला कुणाचं बॅनर लागतं हे आपण बघतोच. बौद्ध वस्त्यांमध्ये श्रामणेर शिबिरं, म्हणजे काही दिवस चीवर घेऊन भिक्खूसारखं राहायची शिबिरं, वेगळी भरतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. साधना केंद्राने सप्ताहातलं हे उचलू नये, सुधारावं. पण कामाचे पहारे वाटून घेणं, पैशाचा हिशेब मोठ्याने वाचणं आणि भाकरी घराघरांतून येणं, या तीन गोष्टी गावाला आधीच येतात. केंद्राच्या कमिटीला त्या येत नाहीत.

अर्थात बारा महिने चालणारं केंद्र सात दिवसांच्या सप्ताहासारखं नुसत्या वर्गणीवर चालणार नाही. गळकं छत, बिघडलेली मोटर, वीजबिल, पगार यांना दर महिन्याला नेमाने पैसा लागतो. यावर एक उत्तर गोएंका गुरुजींच्या विपश्यना परंपरेने दिलेलं आहे. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर आणि पुढे जगभरच्या केंद्रांवर शिबिराला शुल्क नाही. देणगीही घेतली जाते ती ज्याने किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलं त्याच्याकडूनच. आचार्यांना मोबदला नाही. २०१३ मध्ये गुरुजी गेले, केंद्रं चालू राहिली. शिकण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. ज्याने चव घेतली त्यानेच पुढच्याचं ताट मांडायचं, यामुळे देणगीदाराला व्यासपीठावर बसवण्याची वेळ येत नाही. पण त्यांच्यामागे जुन्या साधकांचं जगभर पसरलेलं जाळं आहे. भूम-परंड्याच्या माळावरच्या एकुलत्या एका केंद्राने उद्या शुल्क बंद केलं तर परवा दिवे बंद होतील.

माझ्या मते अशा केंद्राने येणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे शुल्क घ्यावं, आणि पगार, वीज, दुरुस्ती हा कायमचा खर्च दरमहा शंभर-दोनशे रुपये देणाऱ्या पुष्कळ माणसांवर उभा करावा. त्यात गावातला दुकानदार असावा, शाळेतले गुरुजी असावेत, आधी शिबिर केलेले लोक असावेत. एका देणगीदाराचा पैसा वर्षाच्या खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नये. हे कठीण आहे. एखादा साखर कारखानदार किंवा बिल्डर एका धनादेशात हॉल बांधून देतो म्हणतो तेव्हा नाही म्हणणं फार जड जातं, आणि छत गळत असताना तर अधिकच. पण त्या हॉलला त्याच्या वडिलांचं नाव लागतं, मग उद्घाटनाला त्याचा नेता येतो, मग कमिटीत त्याचा मेहुणा येतो. हे मी कल्पनेने सांगत नाही. आमच्या भागातल्या एका केंद्राचं असंच झालं, आणि आज तिथे शिबिरांपेक्षा साखरपुडे जास्त होतात.

आणि शेवटी नेतृत्व, जिथे बहुतेक केंद्रं कोसळतात. संस्थापक तळमळीचे असतात, यात शंका नाही. नोकरी सोडून, घरच्यांशी भांडून, माळरानावर झाडं जगवून त्यांनी ते उभं केलेलं असतं. पण बोअर त्यांच्या नावावर, विजेचं मीटर त्यांच्या नावावर, बँकेत सही एकट्याची, आणि जमीन तोंडी दान झालेली. बक्षीसपत्राची नोंदणी नाही, फेरफार नाही, सातबाऱ्यावर अजून मूळ मालकच. दान देणाऱ्या दादांचे डोळे मिटले की वारस तहसीलमध्ये उभे राहतात. मराठवाड्याने हे आधी भोगलं आहे. देवळं, मठ, मशिदी, दर्गे यांच्या सेवेसाठी निजामाच्या काळात दिलेल्या खिदमतमाश जमिनींचे वाद अजून कचेऱ्यांमध्ये पडून आहेत. सेवेसाठी दिलेली जमीन दोन पिढ्यांत घरची होते, कारण कागदावर लक्ष ठेवणारा कुणी उरत नाही.

म्हणून केंद्र चालवणाऱ्याचं सगळ्यात मोठं आध्यात्मिक काम मला कागदपत्रांचं वाटतं. जमीन नोंदणीकृत बक्षीसपत्राने संस्थेच्या नावावर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हे वेळेवर न केल्यामुळे दोन गट आपापली कमिटी खरी म्हणत वर्षानुवर्षं भांडत राहतात आणि तोवर बँकेचं खातं गोठलेलं असतं. खात्यावर दोघांच्या सह्या. विश्वस्तांत निदान एक तृतीयांश त्याच गावचे, त्यांत बायका असाव्यातच. अध्यक्षपद तीन वर्षांचं, फार तर दोनदा, आणि संस्थापकाच्या मुलासुनेला त्याच्यामागून लगेच ते पद नाही. दर महिन्याचा जमाखर्च मराठीत लिहून फाटकाबाहेरच्या फळ्यावर.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकायला मिळतात. गावचे लोक घेतले की गावचं राजकारण आत येतं, हा पहिला. येतंच. पण बाहेर ठेवलं तर ते कुंपणाबाहेर साचतं, आणि एखाद्या रात्री पाइपलाइन फोडली जाते किंवा रस्ता अडवला जातो. बैठकीत बसून भांडणारा माणूस मला बरा वाटतो. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: साधनेचं मार्गदर्शन मतदानाने ठरत नाही, त्याला अधिकारी माणूसच लागतो. हे मला पूर्ण मान्य आहे. ध्यान कसं शिकवायचं हे कमिटीने ठरवू नये. पण आचार्यांनीही चेकबुक सांभाळू नये. हे दोन अधिकार एका हातात आले की साधकाला हिशेब विचारणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं वाटू लागतं, आणि तिथून पुढे कुणीच काही विचारत नाही.

संस्थापकाला माझी एक विनंती असते. वर्षातून एक सबंध महिना केंद्रापासून दूर राहा. फोन घेऊ नका. त्या महिन्यात जे जे अडेल त्याची यादी मागे राहिलेल्यांनी करावी: कुठल्या कपाटाची किल्ली फक्त तुमच्याकडे होती, कुठला किराणावाला फक्त तुमच्या शब्दावर उधार देत होता, कोणता साधक फक्त तुमच्याशीच बोलायला थांबला. पुढचं वर्ष ती यादी कमी करण्यात घालवा.

आणि जे आत्ता जागा शोधत हिंडत आहेत, त्यांनी डोंगराचा सूर्यास्त बघून इसार देऊ नये. आधी ग्रामसभेत जावं, तेही उन्हाळ्यात, विहिरींचे तळ उघडे असताना. किती माणसं येणार, किती पाणी लागणार, ते कुठून आणणार, गावातल्या किती जणांना काम आणि किती जणांना आत बसायला जागा मिळणार, हे सगळं उभं राहून सांगावं आणि लोकांचे प्रश्न ऐकून घ्यावेत. सरकारी गायरान नाममात्र भाड्याने मागणाऱ्यांना तर ही अट सरकारनेच घालावी, कारण त्या गायरानावर कुणाची तरी गुरं चरतात. एवढं ऐकून गाव नको म्हणालं, तर त्या जागेवर केंद्र काढू नये.